बांबूवरचा मोडेम

त्या काळी आमच्या गल्लीत कुणाच्या घरी इंटरनेट आहे हे स्लॅबवर पाहिलं की कळायचं. टीव्हीची छत्री सगळ्यांकडेच होती. बांबू मात्र ज्याच्याकडे इंटरनेट, त्याच्याकडेच. संग्रामपूर मागे पडून सातपुडा समोर दिसायला लागला की मोबाइलची रेंज जाते, आणि आमचं गाव नेमकं तिथेच आहे. घरात बसून फोनवर हॅलो म्हटलं तर पलीकडे अर्धंच ऐकू जाई. म्हणून मोबाइलचं सिमकार्ड घालायचा अंगठ्याएवढा मोडेम लोक प्लास्टिकच्या पिशवीत घालत, पिशवी उलटी करून बांबूच्या टोकाला बांधत आणि त्याची वायर खिडकीतून खाली कॉम्प्युटरला आणत. यात काही वेगळं आहे असं आमच्यापैकी कुणाला कधी वाटलं नाही. अंगणात तुळस असते, तसा स्लॅबवर बांबू.

कॉम्प्युटर माझा होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात त्यावरून अजून वाद आहे. मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, संत्र्याच्या बागेवर प्रेम, माझं की-बोर्डवर. मी घरीच लग्नपत्रिका टाइप करून द्यायची. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी नवरदेवांची नावं माझ्या हाताखालून गेली आहेत, आणि एकाचंही मी चुकवलेलं नाही. तर अशाच एका नवरदेवाच्या मामांनी मजकूर पेन ड्राइव्हवर आणला, आणि मजकुरासोबत व्हायरसही आणला. कॉम्प्युटर आचके देऊ लागला आणि एका सकाळी निळ्या पडद्यावर थांबला तो थांबलाच. मामांना मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तोही मुहूर्त कसला. त्याच आठवड्यात मी शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, घसरले होते, डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता, आणि मला बारशाची आत्या व्हायचं होतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा परदेशात, बर्फाच्या मुलखात नोकरीला होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. वहिनीची आई जाणार होती, पण ऐनवेळी त्यांच्या घरात आजारपण निघालं आणि जाणं राहिलं. आता आमच्याकडे नाव ठेवायचं ते आत्यानं. तिनं बाळाच्या कानाशी तोंड नेऊन कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी मागे टपून बसलेल्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. मी आजवर दुसऱ्या आत्यांच्या पाठी मनापासून बडवल्या होत्या. माझी पाळी पहिल्यांदाच आली होती.

पाय प्लास्टरमध्ये जायच्या आधी मी स्लॅबवर जाऊन फोन केला, तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, फोन धरतो तिच्या कानापाशी. तू नाव सांग."

तेव्हा आमच्या हातातल्या फोनवर माणूस दिसत नसे, नुसतं ऐकू येई. मी म्हटलं, "पोरीचं तोंड नाही पाह्यलं आन नाव ठेवू? माह्या मनात दोन नावं हायेत. कोणतं ठेवायचं थे तिले पाहूनच ठरन."

तो म्हणाला फोटो पाठवतो. मी म्हटलं, फोटोतली पोरगी हलत नाही, मला हलती पाहिजे. मी हट्टी आहे हे त्याला लहानपणापासून माहीत असल्यामुळे तो पुढे काही बोलला नाही. बारसं येत्या रविवारी संध्याकाळी ठरलं. तिकडे तेव्हा दुपार असणार होती. कॉम्प्युटरला कॅमेरा लावायचा, इंटरनेट जोडायचं आणि समोरासमोर नाव ठेवायचं. फक्त आता कॉम्प्युटर बंद होता.

मागच्या खेपेला आला तेव्हा भावानं मला एक सीडी देऊन ठेवली होती. त्यात लिनक्स होतं, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम. "फुकट आहे, व्हायरसची भानगड नाही. कधी अडलीस तर हे टाक." मी ती देव्हाऱ्याखालच्या खणात, कापराच्या डबीशेजारी ठेवली होती. आता ती काढली. मालकांनी माझ्या पायाचा विचार करून कॉम्प्युटर खिडकीजवळून उचलला आणि मधल्या खोलीत माझ्या खाटेपाशी आणला. हे त्यांनी न सांगता, आपणहून केलं. मला इतकं बरं वाटलं की दिवसभर मी त्यांना काही बोलले नाही.

लिनक्स बसवणं मला फार अवघड जाईल असं वाटलं होतं. पण ते काम मजेचं निघालं. पडदा प्रश्न विचारत होता, मी उत्तरं देत होते. कोणता देश, कोणती भाषा, की-बोर्ड कसला. चहा प्यायला, शेंगा फोडल्या, तोवर जुन्या कॉम्प्युटरवर नवा कोरा पडदा उभा. आवाज आला, कॅमेरा लागला, मराठी अक्षरंसुद्धा दिसली. जाऊबाई, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांची बायको, शेजारच्याच घरात राहतात. त्या येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, "छान दिसून राह्यलं. लग्नाच्या मांडवासारखं."

सगळं होतं, मोडेम नव्हता. म्हणजे बांबूवर होता, पण कॉम्प्युटरला तो सापडत नव्हता. जोडणीच्या खिडकीत नाव नाही, गाव नाही.

मग आम्ही तेच केलं जे टीव्हीच्या अँटेनाच्या काळापासून करत आलो होतो. मालक स्लॅबवर गेले, त्यांनी बांबू संग्रामपूरकडे फिरवला आणि वरून ओरडले, "आलं का?"

"नाही."

सातपुड्याकडे फिरवला. "आता?"

"नाही."

जाऊबाईंनी त्यांच्याकडचं घमेलं पाठवलं, ते मोडेमच्या मागे छत्रीसारखं बांधलं. तरी नाही. मी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, लिनक्स पुसून पुन्हा बसवलं, पुन्हा तीच उत्तरं दिली. देशही तोच, भाषाही तीच, मोडेम नाहीच. एव्हाना माझं डोकं फिरलं होतं. खाटेवरून उठता येत नाही, आदळआपट करायला हाताशी काही नाही, म्हणून मी लिनक्सला आणि ते देणाऱ्या भावाला मोठमोठ्यानं नावं ठेवत बसले. "फुकटचं हाये, म्हणूनच असं हाये," असं मी म्हणाले. हे वाक्य भावाच्या कानावर गेलं, आणि तो अजूनही ते मला सणासुदीला ऐकवतो.

शनिवारी दुपारी त्यालाच फोन लावला. पण फोनलाही रेंज स्लॅबवरच. त्यामुळे व्यवस्था अशी झाली की मालक वर बांबूपाशी फोन कानाला लावून उभे, भाऊ त्यांना सांगणार, ते जिन्यातून मला ओरडून सांगणार, मी करून पडद्यावर काय दिसलं ते ओरडून कळवणार. अर्ध्या गल्लीनं त्या दिवशी लिनक्सचं शिक्षण घेतलं.

"थो म्हणते, काळी खिडकी उघड."

"उघडली."

"एल, एस, यू, एस, बी लिही, सगळं जोडून. आन एंटर मार."

मी मारला. ही आज्ञा दिली की कॉम्प्युटरला काय काय जोडलेलं आहे त्याची नावं खाली येतात. माऊस आला, की-बोर्ड आला, कॅमेरा आला.

"मोडेम नाही म्हणावं," मी ओरडले.

वर भावानं विचारलं असणार की मोडेम नीट लावला आहे का. कारण मालकांचं उत्तर मला स्पष्ट ऐकू आलं. "हाव, पक्का लावला. मी सोता बांधला."

असं बराच वेळ चाललं. भाऊ एकेक आज्ञा सांगत होता, मी टाइप करत होते, मोडेम नाही तर नाही. प्रत्येक वेळी तो विचारी, लावला आहे ना? आणि प्रत्येक वेळी मालक बांबूकडे बघून म्हणत, लावला आहे. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. शेवटी भावानं विचारलं, मोडेमवरचा दिवा लागला आहे का, ताईला विचारा. मालकांनी मला विचारलंच नाही. पिशवी वर करून पाहिली आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "नाही, दिवा बंद हाये."

पुढचा संवाद मला नंतर दोघांनीही वेगवेगळा सांगितला आहे, पण सार एकच. भाऊ म्हणाला, "भाऊजी, ताईले न विचारता तुम्हाले कसं दिसलं? तुम्ही तर स्लॅबवर हायेत ना?"

"मोडेम बी स्लॅबवरच हाये."

"स्लॅबवर कुठी?"

"बांबूले. कुठी राहीन मंग?"

त्यावर पलीकडून हसण्याचा आवाज आला. इतका की मागून वहिनीनं काय झालं म्हणून विचारल्याचंही त्यांना ऐकू आलं. भाऊ मागच्या खेपेला येऊन गेला तेव्हाही इकडे इंटरनेट आलेलं नव्हतं. आमच्याकडे मोडेम बांबूवर असतो हे त्याला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि कुठे कुणी तो थेट कॉम्प्युटरला लावत असेल हे आमच्या ध्यानात नव्हतं.

"वायर केवढी हाये?" त्यानं विचारलं.

मग खरी गोष्ट बाहेर आली. कॉम्प्युटर खिडकीजवळ होता तोवर एक वायर पुरायची. माझ्या खाटेपाशी आणल्यावर ती कमी पडली, म्हणून मालकांनी तालुक्याहून आणखी दोन आणून एकीला एक जोडल्या होत्या. सांधे टेपनं छान गुंडाळले होते, पाणी जाऊ नये म्हणून. भावानं समजावलं की ही वायर एका लांबीच्या पुढे गेली की कॉम्प्युटरची आणि मोडेमची ओळखच होत नाही. दिवा लागण्यापुरतीही वीज वर पोचत नाही. लिनक्सचा यात काही दोष नव्हता. नवं लिनक्स आणि लांब वायर एकाच दिवशी घरात आले, आणि सगळा मार एकट्या लिनक्सनं खाल्ला.

मला त्या तीन वायरी बघून हसू येत होतं. ज्या मायेनं हा माणूस कॉम्प्युटर माझ्या खाटेपाशी घेऊन आला, तिनंच सगळा घोटाळा केला होता. मी एवढंच म्हणाले, "उद्यापासून माह्यावर जास्त जीव नका लावत जाऊ." ते म्हणाले, "बरं."

मोडेम बांबूवरून उतरला. घमेलं परत गेलं. मी तो पुसून थेट कॉम्प्युटरच्या पाठीत खोचला, आणि दिवा लागला. आनंदानं ओरडणार, तोच पडद्यावर मोडेमऐवजी एका सीडीचं चित्र आलं. मी कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा उघडून पाहिला, रिकामा होता. जोडणीच्या खिडकीत अजूनही काही नाही. पुन्हा मालक वर, पुन्हा फोन, पुन्हा जिना.

भाऊ म्हणाला, हे मोडेम असेच असतात. त्यांच्या पोटात जुन्या सिस्टिमसाठी थोडी सामग्री भरलेली असते. आधी ते सीडी असल्याचं दाखवतात, आपण ती सीडी बाहेर काढली की मग मोडेम होतात. नवीन लिनक्स हे आपलं आपण करतं, तुझं जरा जुनं आहे.

"त्या सीडीवर उजवं बटन दाब आन इजेक्ट कर म्हणते," मालक वरून ओरडले.

"मोडेमच निघून गेला तर?"

"नाही जात म्हणते."

मी जीव मुठीत धरून दाबलं. सीडीचं चित्र गेलं. दिवा विझला. मी वर बघून काहीतरी वाईट बोलणार होते, तेवढ्यात दिवा पुन्हा लागला, आता दुसऱ्या रंगाचा, आणि जोडणीच्या खिडकीत मोबाइल ब्रॉडबँड अशी नवी ओळ उमटली. पाहुणा दारात आधी पिशवी पुढे करतो, ती आपण आत ठेवून घेतली की मग स्वतः येतो, तसंच होतं हे. मला ते फारच आवडलं. मी ते काढून, घालून, पुन्हा इजेक्ट करून पाहिलं. जाऊबाईंनाही करायला लावलं. त्यांनी पदराला हात पुसून बटन दाबलं आणि दिवा लागल्यावर म्हणाल्या, "आला वो."

आला खरा, पण मधल्या खोलीत रेंज कुठली असणार? मोडेमला स्लॅब पाहिजे, कॉम्प्युटरला मोडेम जवळ पाहिजे, आणि मला दोन्ही पाहिजेत. वायर तर लांबवायची नाही. रविवारी सकाळी चहा पिताना मालक म्हणाले, "मंग बारसंच वर करू."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दुपारी टेबल वर गेलं. मोठे दीर विजेचं बोर्ड ओढून घेऊन गेले. मग मालक माझ्या खाटेपाशी आले, मला वाटलं मला न्यायला, तर ते म्हणाले, "आधी कॉम्प्युटर नेऊ, मंग तुले. त्याले धक्का लागायले नाही पाह्यजे." हे मी अजून विसरलेली नाही. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून गेला. मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, मागे मालक, पुढे दीर, अशी गेले आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोघांना सूचना दिल्या. दीर म्हणाले की यापेक्षा कापसाचं गाठोडं बरं, ते बोलत नाही.

वर सगळं तयार होतं. उन्हात पडदा दिसेना, म्हणून दोन चादरी बांधून आडोसा केला होता. जाऊबाईंनी त्यांच्या घरचा पाळणा आणला होता. बाळाआधी पाळण्यात वरवंटा निजवतात, तसा वरवंटा झबलं-टोपडं घालून निजवला होता. बाळ पडद्यात येणार, म्हणून पाळण्यात शेवटपर्यंत वरवंटाच राहणार होता. गल्लीतल्या बायका नटून आल्या. मोठ्या पातेल्यात घुगऱ्या. मोडेम कॉम्प्युटरला, थेट. मी सीडी इजेक्ट केली, दिवा बदलला, रेंजच्या दांड्या उभ्या राहिल्या.

आणि ती दिसली.

आधी चौकोन चौकोन दिसले, मग त्यांचं तोंड झालं. वहिनीच्या मांडीवर, पांढऱ्या कापडात, एवढीशी. तिनं जांभई दिली. जांभई चित्रात अडकत अडकत, तुकड्यातुकड्यांनी आली, पण आली. मग तिनं मूठ उघडून बंद केली. मी पडद्यावर तिच्या मुठीला बोट लावलं. दोन नावांपैकी कोणतं, याचा विचारच करावा लागला नाही. एक नाव तिच्या तोंडावर होतंच.

बायकांनी पाळण्याला झोका दिला. भावानं स्पीकर बाळाच्या कानाजवळ नेला. मी माइकवर वाकले आणि हळूच कुर्रर्र करून नाव सांगितलं.

"ताई, नाही आलं ऐकू," भाऊ म्हणाला. "परत सांग."

मी परत सांगितलं. "तुटून राह्यलं. जरा मोठ्यानं."

मी आणखी मोठ्यानं सांगितलं. तरी नाही. मग मात्र माझा मूळ स्वभाव जागा झाला. मी खुर्चीचे हात धरले आणि संत्र्याच्या बागेत ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव ओरडले. जे नाव कानात सांगायचं, ते पोरीआधी गावानं ऐकलं. शेजारच्या स्लॅबवर वाळवण गोळा करणाऱ्या बाईनं विचारलं, "काय ठेवलं?" आणि दुसऱ्या स्लॅबवरून तिला उत्तरही मिळालं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ती आता मोठी आहे, आणि माझ्यासारखीच तापट आहे.

"आलं," भाऊ म्हणाला. "आलं ताई."

तेवढ्यात धपाटे सुरू झाले. जाऊबाईंचा हात शेतातला, भारी. मी पायावर असते तर पळाले असते. पण मी खुर्चीत अडकलेली, हे त्यांना माहीत होतं आणि त्यांनी त्याचा पुरता फायदा घेतला. मी हसत होते, रडत होते, पुरे म्हणत होते आणि मनातून वाटत होतं की थांबू नयेत. या गोंधळात चित्र गोठलं आणि मग पडदा काळा झाला. आवाज तेवढा राहिला.

"चला," मी डोळे पुसत म्हटलं, "झालं बाप्पा, पार पडलं. ठेवू आता?"

तिकडून वहिनी बोलली. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलत होती. ती पिंपळगाव राजा या गावची, मोठ्या घरातली, चुलत्या-पुतण्यांच्या गोतावळ्यात वाढलेली.

"ताई, बंद नका करू," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही करा. घुगऱ्या वाटा, बोला. मले नुसतं ऐकू द्या."

मला पोरगी बघायची होती, त्यासाठी मी एवढा आटापिटा केला होता. तिकडे बर्फात, चार भिंतींत, एकही बाई जवळ नसताना ही बाळंतीण झाली, हे मला माहीत असून माझ्या लक्षात नव्हतं. मला स्वतःचा राग आला, आणि मग राग करत बसायला वेळ नाही हेही कळलं. मी माइक टेबलाच्या कडेला, बायकांच्या बाजूला सरकवला.

आम्ही घुगऱ्या वाटल्या. कुणी मुद्दाम तिच्याशी बोललं नाही. मीठ कमी आहे यावर बोललो, कुणाच्या सुनेनं केस कापले त्यावर बोललो, मग डिंकाच्या लाडवात मेथी किती घालावी यावर दोघींची जुंपली. एक म्हणे मूठभर, एक म्हणे चिमूटभर. आणि स्पीकरमधून आवाज आला, "पण मेथी आधी तुपात भिजू घालावं लागते ना?"

जाऊबाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तू गप बैस वो," त्या म्हणाल्या. "बाळंतिणीनं एवढं बोलू नाही. कानाले फडकं बांधलं का?"

"नाही."

"मंग बांध."

तिकडून कपाट उघडल्याचा आवाज आला.